टिटवीची अंडी आणि रडत्या ओंजळीचं सोनं

एका राज्यात तळघरं भरून सोनं होतं, आणि नदीकाठी प्रजा उघडी पडली होती. सोन्याला भस्मनाथ जादूगाराचा शाप होता: रडत्याच्या ओंजळीत पडेल त्याचा चिखल होईल. दरसाल करालिनी नदी चढे, झोपड्या नेई. मग राजा हत्तीवरून येई, रडत्यांना सोनं वाटी, त्याचा चिखल होई. पिढ्यान् पिढ्या हेच चाललं. वर त्याला दानधर्म म्हणत.

पुढे विरजा राणी गादीवर बसली. पूर ओसरताच ती आपल्या दाईकडे, सखूआईकडे, सोनं घेऊन धावली. म्हातारीच्या ओंजळीत चिखल झाला.

"बाळ, चिखल आमच्याकडे पुष्कळ आहे," दाई म्हणाली. "पुढच्या पुराला मी काही उरत नाही."

राणीच्या काळजात ते रुतलं. तेवढ्यात टिटवी ओरडली. "अपशकुनी मेली!" म्हणत प्रधानाने धोंडा उचलला. राणीने त्याचा हात धरला.

टिटवी बोलली. तिला बोलता येतच होतं, विचारलं कोणी नव्हतं.

"मी ओरडते म्हणून पूर येत नाही, राणी. पूर येणार म्हणून मी ओरडते. तीन कामं कर. पुराचं पाणी पोचत नाही तिथे मी अंडी घालते, त्यांच्या वरच्या अंगाला घरं बांध. नदीची जुनी वाट नदीला दे. आणि न रडत्याला सोनं दे."

अंडी सापडली राजवाड्याच्या घोड्यांच्या माळावर. राणीने घोडे हलवले, माळ प्रजेला दिला. नदीची जुनी वाट निघाली राणीच्याच रंगमहालाखाली. पहिली कुदळ तिने स्वतः घातली.

उरलं तिसरं काम. भर उन्हाळ्यात तिने तळघरं उघडली, तेव्हा प्रधान आडवा आला.

"कोणी रडत नाही, राणीसाहेब. मग द्यायचं कशाला?"

"रडू नयेत म्हणून."

सखूआईने हसत ओंजळ पुढे केली. सोनं खणखणलं, सोनंच राहिलं. त्या सोन्यातून चिरे आले, जोती उठली, धान्याची कोठारं माळावर चढली.

मग करालिनी आली. लाटेवर बसून भस्मनाथही आला, कारण आसवं हेच त्याचं अन्न. नदी आपल्या जुन्या वाटेने वळली, अंड्यांच्या खाली थबकली. भस्मनाथ दारोदार फिरला. कुठे भाकरी भाजत होत्या, कुठे जात्यावर ओव्या चालल्या होत्या. आसू एकही मिळेना. सखूआईच्या उंबऱ्याशी तो विरघळला, त्याचाच चिखल झाला. म्हातारीने त्या चिखलाने चूल सारवली.

अंडी फुटली, पिल्लं माळावर धावली. तेव्हापासून त्या राज्यात टिटवी ओरडली की धोंडा कोणी उचलत नाही, कुदळ उचलतात. नदी नदीच्या वाटेने, माणसं माणसांच्या घरी. कहाणी इथे कोरड्या पायांनी पोचली.