रोज दिसणारा हिममानव

फार जुनी गोष्ट. हिमालयात तेव्हा हिममानवाला कुणी पाहिलेलं नव्हतं, पण त्याच्याबद्दल सगळ्यांना सगळं माहीत होतं.

तिथे धिटाजी नावाचा एक ससा राहायचा. एका दुपारी तो बिळातून डोकावला, तर बर्फात ही ताटाएवढी पावलं! "हिममानव आला!" असं ओरडत तो थेट याक आजोबांच्या पोटाखाली शिरला.

आजोबा पावलं बघून आले आणि गदगदा हसले. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस! अरे, सकाळी तिथून उड्या मारत कोण गेलं होतं? तुझीच पावलं ती. ऊन लागलं की बर्फ वितळतं आणि पाऊल पसरतं."

ओशाळलेला धिटाजी कान पाडून घरी निघाला. बिळाजवळ पोचतो तोच समोरून भुकेला लांडगा आला. आता पळण्यात अर्थ नव्हता. पण झेप घेता घेता लांडग्याची नजर पावलांवर गेली आणि त्याने शेपूट पायांत घातलं.

"तू... तू पाहिलंयस त्याला?"

धिटाजीचे कान ताठ झाले.

"पाहिलंयस काय विचारता, लांडगेदादा? रोज झऱ्यावर पाणी प्यायला वाकलो, की स्वारी समोर हजर!"