शांतीची शाल आणि तिवराचं रान

खूप खूप वर्षांपूर्वी, खाडीवर पूल नव्हते आणि राजे आपल्या प्रजेला चेहऱ्याने ओळखत, तेव्हाची ही गोष्ट. मुलांनो, तुम्ही ऐका. आणि मुलांच्या आईबापांनो, तुम्ही जरा जास्तच लक्ष देऊन ऐका.

एका खाडीच्या दोन तीरांवर दोन गावं होती. दोन्ही बाजूंना बांध घालून लोकांनी समुद्राकडून शेतजमीन मिळवली होती. बांधाच्या पुढे, खाऱ्या चिखलात, तिवरांचं दाट रान होतं. तिवर काही देखणं झाड नाही. त्याचं फळ कोणी आवडीने खात नाही, सावलीला बसावं तर अंगभर चिखल. पण उधाणाची लाट आली की आधी तिवरांवर आपटायची, दमायची, आणि मग बांधाला नुसती टेकून परत जायची.

एके काळी या दोन गावांचं हाडवैर होतं. शेतांत खारं पाणी शिरायचं, भात जळायचं आणि भुकेली माणसं एकमेकांवर कोयते घेऊन धावायची. पुढे तिवरांचं रान वाढलं, बांध टिकले, दोन्हीकडे पोटापुरतं पिकू लागलं. मग वैर आपोआप विझलं. सोयरिकी झाल्या. अलीकडच्या तीरावरच्या एका बाईने आपली लेक पलीकडे दिली. मुलगा या काठाला, लेक त्या काठाला. जावई सणाला आला की मेहुण्याबरोबर खेकडे धरायला जायचा आणि दोघं चिखलाने माखून, हसत घरी यायचे. ते बघून त्या बाईचं पोट भरायचं.

त्या राज्यात एक मोठा मान होता. दरवर्षी कापणी झाली की, ज्याने शांती राखली त्याच्या खांद्यावर राजा भर दरबारात शाल घालायचा. पण आधी प्रधान विचारायचा, "या माणसाविरुद्ध कोणाची तक्रार आहे का?" कोणीच बोललं नाही, तरच शाल.

आता तुम्हीच सांगा, अशी शाल कोणाला मिळत असेल? एका वर्षी ती दरबारातल्या एका पंडिताला मिळाली, कारण तो सगळ्यांच्या सगळ्या म्हणण्याला मान डोलवायचा. एका वर्षी सेनापतीला मिळाली. त्या वर्षी घोडे आजारी पडल्यामुळे लढाई झाली नव्हती!

एकदा राजाच्या मनात नवा महाल बांधायचं आलं. महालाला चुना हवा, चुन्यासाठी शिंपले भाजायला हवेत, आणि भट्टीला लाकूड हवं. राजाच्या भट्टीवाल्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि तिवरांवर कुऱ्हाड चालवली.

तिवर गेले की समुद्र आत येणार, हे काही गुपित नव्हतं. गावातल्या म्हाताऱ्यांना ते माहीत होतं, शेंबड्या पोरांना माहीत होतं. भट्टीवाल्यालासुद्धा माहीत होतं. पण राजाच्या कामाला नाही कोण म्हणणार?

त्या बाईने म्हटलं. घरातली पितळी थाळी घेतली, चिखलात गुडघाभर उतरली, आणि कुऱ्हाडी दिसल्या की थाळी बडवू लागली. आवाज ऐकून गावातल्या बायका आल्या. पलीकडच्या तीरावरून होड्या भरभरून आल्या. सगळ्या झाडांपुढे रांग धरून उभ्या राहिल्या.

तोडणाऱ्यांचा मुकादम ओरडला, "काकी, घरी जा. पाय रुतेल!"

"रुतू दे. मग तर मला हलवताच येणार नाही."

"एवढं काय आहे या झाडांत? रूप नाही, गोड फळ नाही."

"तुझ्यात तरी काय आहे रे? पण बायकोने ठेवलंच आहे ना घरात!"

बायका खो खो हसल्या. मुकादमही हसला, पण कुऱ्हाड खाली ठेवून.

त्या हंगामभर एकही झाड पडलं नाही. ज्यांच्या सासवांनी एकमेकींचं पाणी नाकारलं होतं, त्या दोन्ही तीरांवरच्या बायका बांधावर बसून एकमेकींच्या फडक्यातली भाकरी खाऊ लागल्या. म्हणून कापणीनंतर दोन्ही गावांनी मिळून शालीसाठी तिचं नाव दिलं.

दरबार भरला. प्रधानाने विचारलं, "या बाईविरुद्ध कोणाची तक्रार?"

रांगाच्या रांगा उठल्या.

"माझ्या भट्ट्या विझल्या," भट्टीवाला म्हणाला.

"महालाच्या भिंती अर्ध्या राहिल्या," कारभारी म्हणाला.

"थाळीच्या आवाजाने माझं डोकं उठतं," नगरशेठ म्हणाला. नगरशेठाचं घर खाडीपासून दोन कोसांवर होतं.

शाल मिळालेला पंडित उठून म्हणाला, "झाडं राखणं चांगलंच आहे. पण त्याचा शांतीशी संबंध काय? शांती म्हणजे दोन माणसांनी तलवारी म्यान करणं. या बाईला फार तर माळ्याचं पागोटं द्या." दरबार हसला.

बाई पुढे झाली.

"महाराज, तलवार म्यानात जाते ते सगळे बघतात. ती बाहेर कशी येते, ते कोणी बघतं का? माझ्या आजोबांना त्या तीरावरच्या माणसांनी मारलं. ती काही राक्षस नव्हती. त्यांचं भात खाऱ्या पाण्यानं जळलं होतं, पोरं उपाशी होती. उद्या तिवर गेले, खारं पाणी आत आलं, तर माझा मुलगा आणि माझा जावई एका जमिनीच्या तुकड्यासाठी समोरासमोर उभे राहतील. ते होऊ नये म्हणून मी ओरडते. याला तुम्ही शांती म्हणत नाही, तर मग शांती म्हणता तरी कशाला? मला शाल नको. तोड थांबवा."

राजाची मान खाली गेली. तेवढ्यात प्रधान त्याच्या कानाशी लागला, आणि मग मोठ्या आवाजात म्हणाला, "महाराज उदार आहेत. शाल तुलाच मिळेल. पण शाल पांघरणाऱ्याने पुन्हा आवाज चढवायचा नसतो. थाळी इथे ठेव आणि शाल घेऊन जा."

"म्हणजे शाल खांद्यावर नाही, माझ्या तोंडावर घालणार!" बाई म्हणाली, आणि थाळी काखेत मारून निघून गेली.

मग काय झालं असेल? शाल भट्टीवाल्याला मिळाली. त्याने त्या दिवशी दरबारात सगळ्यांना लाडू वाटले होते. प्रधानाने "कोणाची तक्रार?" असं विचारलं, तेव्हा कोणी बोललं नाही. ज्या बोलल्या असत्या, त्या बायकांना शिपायांनी दाराबाहेर अडवून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली गेली की खाडीकाठी थाळी वाजवणं म्हणजे राज्याची शांतता मोडणं. शांतता मोडते म्हणून थाळी जप्त झाली, आणि कुऱ्हाडींच्या आवाजाने मात्र कोणाचीच शांतता मोडली नाही!

महाल उभा राहिला, पांढराशुभ्र. पुढच्या वर्षी पौर्णिमेचं उधाण आलं. वाटेत दमायला झाडच नव्हतं, म्हणून लाट सरळ बांधावर आली आणि दोन्ही तीरांचे बांध वाहून गेले. उभं भात जळालं. खाडीच्या टोकाला गोड्या जमिनीचा एकच तुकडा उरला. दोन्ही गावं नांगर घेऊन तिथेच पोचली.

आधी शिव्या झाल्या, मग दगड, मग कोयते.

राजाने शांती करायला शालवाल्या भट्टीवाल्याला पाठवलं. तो होडीतूनच हात वर करून म्हणाला, "शांत व्हा, शांत व्हा!" चिखलाचा एक गोळा येऊन त्याच्या शालीवर बसला, आणि होडी मागे फिरली.

त्या दिवशी त्या बाईचा जावई पडला. घाव कोणाच्या कोयत्याचा, ते शेवटपर्यंत कळलं नाही. समोरच्या गर्दीत तिचा मुलगाही होता.

राजा अनवाणी तिच्या दारी आला. हातात नवी शाल होती. "बाई, माझं चुकलं. हा मान तुझाच होता."

"होता, महाराज," ती म्हणाली. "तेव्हा माझं ऐकलं असतं, तर या शालीची गरजच नव्हती. आता ही मी पांघरू, की जावयाला नेताना त्याच्यावर घालू?"

राजाने भट्ट्या विझवल्या. तिवरांची रोपं लावली. पण झाडं काही राजाच्या हुकमाने एका रात्रीत वाढत नाहीत.

होडी पुढेही त्या खाडीत ये-जा करत राहिली. पण लेक तिच्यात बसून कधी माहेरी आली नाही. भाऊ काठावर उभा राहून हाक मारायचा, "ताई, मी नव्हतो गं! ताई, मी नव्हतो!" पलीकडून उत्तर येत नसे.

म्हणून लक्षात ठेवा: माती, पाणी आणि झाडं राखण्यासाठी जो आवाज उठवतो तो शांतीच राखत असतो; त्याला शांतीचा मान द्यायचा तर भांडण पेटण्याआधी द्या, आणि मान देण्याच्याही आधी त्याचं ऐका.