खारीचा उपास

प्राणीही पाटावर बसून जेवत, त्या काळची ही गोष्ट. खार, साळुंकी आणि ससा दर पौर्णिमेला आळीपाळीने एकमेकांकडे जेवायचे. त्या वर्षी सगळंच महागलं. साळुंकीकडे पोटभर जेवायचं, तर पुढच्या पौर्णिमेला तसंच जेवण घालणं आलं, आणि खारीच्या घरी तर डब्यांत खडखडाट. म्हणून पानावर बसता बसता खार म्हणाली, "मला नको गं काही. उपास आहे."

साळुंकी उठून चुलीकडे गेली. तिने साबुदाण्याची खिचडी केली, वर रताळ्याचा कीस. साध्या जेवणाहून खर्च दुप्पट.

"पुढची पौर्णिमा तुझ्याकडे," साळुंकी वाढताना म्हणाली. "तेव्हाही उपासाचंच करू, म्हणजे तुझी पंचाईत नको."

खारीने पान बाजूला सरकवलं. "उपास नाहीये," ती कशीबशी म्हणाली. "मला परवडत नाही."

साळुंकीने पळी खाली ठेवली. "आधी नाही का सांगायचंस? घरातलं शेवटचं रताळं किसलं मी."

सशाने पळी उचलली आणि खिचडीचे तीन सारखे वाटे केले.

"पुढच्या वेळी पेज," तो म्हणाला. "आणि उपास कुणाचाच नाही."