कोल्होबांचे बारा ससे

जंगलातही बास्केटबॉलचे पगारी संघ होते, तेव्हाची ही गोष्ट. सिंहाच्या संघाचा कारभार कोल्हा पाहायचा. संघातला उंट नुसती मान लांबवून चेंडू टोपलीत टाकायचा. पण चारा गाडीभर खायचा.

"एका उंटाच्या चाऱ्यात बारा ससे येतात, महाराज," कोल्हा म्हणाला. "पोरं तरुण आहेत, भुकेली आहेत. दोन-तीन वर्षं थांबा, मग बघा!"

उंटाला नारळ मिळाला. शेजारच्या जंगलाने त्याला लगेच उचललं.

ससे जीव तोडून उड्या मारायचे, पण टोपली होती झाडावर. प्रत्येक पराभवानंतर कोल्हा म्हणायचा, "पोरं शिकतायत." जे दोघे खरंच शिकले, त्यांनी पोटभर पाला मागितला. कोल्ह्याने त्यांनाही नारळ दिला आणि आणखी लहान ससे आणले.

तिसऱ्या वर्षी सिंहाने कोल्ह्याला बोलावलं. शेजारी एक पोरसवदा कोल्हा बसला होता.

"कोल्होबा, तुम्हाला रोज दोन कोंबड्या लागतात. हा अर्ध्या कोंबडीत तयार आहे."

"पण महाराज, त्याला अनुभव कुठाय?"

"तरुण आहे, भुकेला आहे," सिंह म्हणाला आणि त्याने नारळ पुढे सरकवला. "दोन-तीन वर्षं थांबा, मग बघा!"