बंद खोलीतलं पाणी

“पण कोणाचं काय बिघडलं, अम्मा? तुम्हीच सांगा.”

शाल्मली इंगोलेने हे पुन्हा विचारलं. रेवाला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. पोर अजून वर्षाचीही नव्हती.

कमळाअम्मा मठाच्या ओसरीवर शेंगा फोडत होत्या. येणाऱ्याला उत्तराची घाई आणि अम्मांना शेंगांची, असं गावात म्हणत.

कॉलेजात असताना शाल्मलीने त्यांच्याकडून उपदेश घेतला होता. आता ती निवडणूक निर्णय अधिकारी होती. साऱ्या मतदारसंघाची मतदानयंत्रं तिच्या ताब्यात, आणि मोजणी उद्यावर आलेली.

“नीट सांग. काय केलंस?”

“यंत्रांच्या खोलीवरची टाकी फुटली. पाणी आत शिरलं. तारांपर्यंत जाईल म्हणून वीज बंद केली, तर कॅमेरेही गेले. नियम असा, की सगळ्या उमेदवारांची माणसं बोलवायची आणि त्यांच्यादेखत सील तोडायचं. ती गेलेली जेवायला. थांबले असते तर यंत्रं भिजली असती. मी सील तोडलं. पेट्या उचलून टेबलांवर ठेवल्या, फरशी पुसून घेतली, बाहेर आले. पुन्हा लाख, पुन्हा माझाच शिक्का.”

“फरक ओळखू येतो?”

“मुळीच नाही.”

हे सांगताना तिचा आवाज जरा ताठ झाला. आपलं काम नीटनेटकं असतं, याबद्दल तिला एरवी शंभर शंका असत. इथे एकही नव्हती.

“पाहिलं कुणी?”

“दारावरच्या पोलिसांनी. त्यांनीच पाणी उपसलं. ते बोलायचे नाहीत.”

“मग तू कशाला बोलायला आलीस?”

…

“माझे हात स्वच्छ आहेत अम्मा. तुम्ही एकदा तसं म्हटलंत, की मी जाते.”

“आणि उमेदवारांच्या त्या माणसांना सांगितलंस तर?”

“निलंबन. चौकशी. फेरमतदान मागतील, दगडफेकही होईल. आणि आयोगाचं नाव जाईल ते वेगळंच. आयोग म्हणजे पंच, अम्मा. निवडणुकीपुरते आम्ही सरकारचे नसतो, आयोगाचे असतो. पंचावरच संशय आला तर राहिलं काय?”

अम्मांनी एक पोचट शेंग बाजूला टाकली.

“आणि सांगायचं कोणाला? त्या ढोमण्यांच्या माणसाला? उमेदवार ढोमणे पडणार हे चहावालासुद्धा सांगतो, पण ह्यांचा माणूस रोज खुर्ची टाकून माझ्या दाराकडे टक लावून बसतो. जेवायला उठतो तेवढाच. जशी काही मी चोर!”

अम्मांनी पदर झटकला आणि हात पुढे केले.

“आण ती पोर इकडे.”

रेवा गेली, आनंदाने गेली. अम्मा तिला घेऊन आतल्या खोलीत शिरल्या. दार लागलं. कडी सरकली.

शाल्मली हसली. मग हसायची थांबली.

…

आई म्हणून आपण जरा अतीच करतो, हे तिला सासूने सांगितलं होतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि रेवा बोलू लागली की तीही सांगणारच होती. म्हणून ती बसून राहिली.

आतून काहीतरी आपटल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. रडणंही नाही.

ती उठली. दाराला कान लावला.

“अम्मा?”

…

“अम्मा, दार उघडा. अम्मा!”

कडी निघाली. रेवा अम्मांच्या खांद्यावर त्यांचा पदर चोखत होती. एक मोजा ओलाचिंब होता.

“हे काय झालं?”

“कळशी कलंडली. पुसून घेतलं. बाकी काही नाही.”

शाल्मलीने पोर ओढूनच घेतली. मोजा काढला. पाय पाहिला, बोटं वेगळी करून पाहिली. झबलं वर करून पाठ पाहिली. केसांतून हात फिरवला.

“मी सांगितलं ना, काही नाही.”

“हो अम्मा.”

“विश्वास नाही माझ्यावर?”

“असं काय बोलता! तुमच्यावर नाही तर कोणावर?”

बोलता बोलता ती रेवाच्या कानामागे बघत होती.

अम्मा नुसत्या बघत राहिल्या… तिच्या हातांकडे.

हात थांबले.

ती रेवाला घेऊन ओसरीवर बसली. रेवाने एक शेंग उचलून तोंडात घातली, आणि शाल्मलीने न बघताच ती काढून घेतली. तिचा चेहरा उतरला होता. आली तेव्हापेक्षा ती लहान दिसत होती.

मग तिने फोन काढून आपल्या सहायकाला लावला.

“कानडे, सगळ्या उमेदवारांना निरोप द्या. त्यांची माणसं खोलीपाशी बोलवा. हो, आत्ताच… नाही, त्या पाण्याचं तुम्ही काही सांगायचं नाही. मी येते. मीच सांगेन… वरिष्ठांना? त्यांना वाटेतून फोन करते.”

तिने फोन ठेवला. उद्या या वेळी ती या पदावर नसेल, हे तिला कळत होतं. चपला घालताना तिचा कडवटपणा बाहेर आलाच.

“ज्याचं डिपॉझिट जाणार आहे, अम्मा, त्याच्यासाठी मी घरी बसायचं?”

अम्मा पुन्हा शेंगांकडे वळल्या होत्या.

“जिंकलेल्याला लोक खांद्यावरून घरी नेतात,” त्या म्हणाल्या. “…हरलेल्याची खात्री पटली नाही, तर त्याला कोण पोचवणार, बाई?”