सासऱ्याच्या पाठीवरून चाललेली हौसाक्का

उंबरदरीची शाळा आज जिथं आहे, तिथं बांबूचं दाट बेट होतं, त्या काळातली ही गोष्ट. खडकोबाच्या जत्रेत तीस हात उंच काठी डोंगरावर न्यायचा मान उंबरदरीचा, आणि ती पेलायचा मान सुभानाचा. माणूस असा दांडगा, की तो शिंकला तर झाडावरच्या चिंचा पडायच्या असं म्हणतात.

आणि नेमकं जत्रेच्या सकाळी काय व्हावं? सुभाना घागर उचलायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. कमरेत उसण भरली! चौघांनी उचलून त्याला ओसरीवर पालथा घातला. शेक दिला, तेल चोळलं. त्याच्या ओरडण्यानं बैल दावी तोडून पळाले असं म्हणतात, पण उसण जागची हलली नाही.

ऊन डोक्यावर यायच्या आत काठी उठली नाही तर मान कायमचा नदीपलीकडच्या कातरवाडीला जायचा. बातमी तिकडे पोचलीच होती. कातरवाडीचे ढोल नदी उतरू लागले.

"पायाळू बघा रं कुणीतरी, पायाळू!" गुरव ओरडला.

पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो. त्याचा पाय पाठीवर पडला की उसण जाते, हे तेव्हा लहान पोरांनाही ठाऊक. गावातला एकुलता एक पायाळू म्हातारा आदल्या वर्षीच वारला होता. माणसं घरोघर धावली आणि हात हलवत परत आली.

दाराआड सुभानाची सून हौसा उभी होती. लग्नाला दोन वर्षं झाली, तरी सासऱ्यापुढं तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं. आणि ती पायाळू होती! माहेरी दमून आलेल्या प्रत्येकाच्या पाठीवरून ती भिंतीला हात टेकून चालायची. टाच कुठं द्यायची आणि नुसता चवडा कुठं, हे तिच्या तळव्यांना आपसूक कळायचं. पण सासऱ्याच्या अंगाला पाय? नदीतले ढोल राहिले बाजूला, तिच्या छातीतच ढोल वाजू लागले.

"मी पायाळू हाय," ती बोलून गेली.

सासू कडाडली, "अगं, मामंजींच्या अंगाला पाय लावणार व्हय? लोकं तोंडात शेण घालतील!"

"मामंजींनी सांगितलं तरच ठेवीन," हौसा म्हणाली. "न्हाई तर न्हाई."

सगळे सुभानाकडे बघू लागले. ढोल वेशीत आले. त्यानं दात आवळले, कण्हला, आणि जमिनीकडे तोंड करूनच म्हणाला, "सूनबाई, ठेव पाय."

हौसानं पदर खोचला, तळव्यांना कोमट तिळतेल लावलं आणि खांबाला धरून पाठीवर चढली. खांद्यापासून कमरेपर्यंत ती सावकाश निघाली. "श्वास सोडा, मामंजी. आणखी सोडा." सुभानाच्या आवळलेल्या मुठी उघडल्या. कपाळावरच्या आठ्या गेल्या. वीस वर्षं काठी पेलून दगड झालेली पाठ तिच्या पायांखाली लोण्यासारखी मऊ पडली. मग तिनं नेमक्या जागी टाच दिली.

कट्ट!

त्या आवाजानं डोंगरावरची घंटा आपोआप वाजली असं म्हणतात. सुभाना ताडकन उभा राहिला! दोन बोटं उंच झाला, त्या दिवसापासून त्याला धोतर आखूड पडायचं, असंही म्हणतात. त्यानं धावत जाऊन काठी उचलली आणि वाटेतल्या सातही विसाव्यांवर न थांबता डोंगर चढला. चांगभलंचा असा गजर झाला की कातरवाडीचे ढोलही उंबरदरीच्या तालावर वाजायला लागले. हौसाला इतका आनंद झाला की ती चारचौघांत खदखदून हसली.

पुढं वीस गावांची माणसं तिच्याकडे येऊ लागली. दुखणं असलेली यायची, आणि नुसती दमलेलीही. तिच्या पायांखाली माणूस असा गाढ झोपायचा की घरच्यांना बैलगाडीतून न्यावा लागायचा. हौसाची हौसाक्का झाली. पण मोठा असो की लहान, त्यानं स्वतःच्या तोंडानं 'ठेव पाय' म्हटल्याशिवाय तिनं कुणाच्या पाठीवर पाय ठेवला नाही.

उंबरदरीत आजही जत्रेच्या सकाळी काठीचे मानकरी देवळापुढं ओळीनं पालथे पडतात. गावातली सर्वांत नवी सून तळव्यांना तेल लावून येते. पहिल्या मानकऱ्यानं मोठ्यानं म्हणायचं असतं, "सूनबाई, ठेव पाय." सून लगेच पाय ठेवत नाही. सगळं गाव हसत उभं राहतं, आणि तिच्या मनात येईपर्यंत मानकरी मातीत नाक खुपसून वाट बघतात.