शाळेचे वजन

"विद्या काट्यावर तोलून दाखवा! नाहीतर तुमच्या शाळेत माझ्या घोड्यांचं गवत भरीन!"

राजाचा असा हुकूम झाला आणि आंबेखळीच्या विसूमास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं.

झालं होतं असं. दर दसऱ्याला मास्तर शाळेची वर्षाची खबर एका कागदावर लिहून दरबारात वाचून दाखवत. त्या वर्षीही त्यांनी वाचली. "पार्वतीला तीसपर्यंत पाढे येतात. दगडूचं अक्षर सुधारलं. पहिलीतला किसन आता शाळेत येताना रडत नाही..."

राजाजवळ दरबारचे कारकून नरहरपंत बसले होते. ते राजाच्या कानाला लागले. "सरकार, कागदावर काय, कोणीही काहीही लिहील! शाळेची खोली मात्र गवत ठेवायला झकास आहे हो. अगदी कोरडी ठणठणीत!"

राजा मनाने वाईट नव्हता, पण हट्टी. एकदा डोक्यात काही घेतलं की सोडायचा नाही.

"मास्तर, बाजरी मापता येते, तूप तोलता येतं. तशी तुमची विद्याही तोलू. कोठाराच्या काट्यात एका पारड्यात मी गवताची काडी ठेवीन. एकच! दुसऱ्या पारड्यात तुम्ही विद्या ठेवा. पुस्तक नको, पाटी नको, आणि पोर तर नकोच. तीन दिवसांत माझी काडी वर गेली तर शाळा तुमची!"

मास्तर गावी आले आणि शाळेच्या पायरीवर डोकं धरून बसले. शाळेत पाणी भरणारी हौसाबाई घागर घेऊन आली. एकुलता एक मुलगा, सदू, पलटणीत गेलेला. त्याचं पत्र आलं की ती पदरात बांधून शाळेत आणायची आणि पार्वतीकडून चार-चार वेळा वाचून घ्यायची.

"मास्तर, जेवला नाहीत का?"

"कसलं जेवण, हौसाबाई! विद्येला कधी वजन असतं का हो?" असं म्हणून मास्तरांनी सगळी हकीकत सांगितली.

हौसाबाईने घागर खाली ठेवली. जरा विचार केला आणि हसली.

"असतं की वजन! मी दहा वर्षं डोक्यावरून वाहिलंय. मान अजून दुखते! तुम्ही आधी दोन घास खा, आणि मला एक बैलगाडी तेवढी मिळवून द्या."

तिसऱ्या दिवशी कोठाराच्या अंगणात काटा टांगला. राजाने एका पारड्यात काडी ठेवली. तेवढ्यात गाडी आली. गाडीत काय? तांबडे भोपळे! हे एवढाले, गाडीच्या काठापर्यंत! हौसाबाईने त्यातला एक उचलला आणि दुसऱ्या पारड्यात ठेवला. पारडं धाडकन जमिनीला टेकलं. काडी उडून राजाच्या पगडीवर जाऊन बसली.

नरहरपंत खो खो हसले. "मास्तर, पोरांना परीक्षेत हेच मिळाले वाटतं!"

सगळा दरबार हसला. राजाने मात्र भुवया चढवल्या.

"बाई, मी विद्या मागितली होती. भोपळे वेलाला लागतात, शाळेत नाही!"

"खरं आहे, सरकार. वेलालाच लागतात. पण वेलावरून आमच्या घरात कधी येत नव्हते."

"मग कुठे जात होते?"

"आमच्या गावात कोणाला वाचता येत नव्हतं. पत्र आलं की एका शहाण्या माणसाच्या दारात जायचं. पत्र वाचायला एक भोपळा, उत्तर लिहायला दोन. माझा सदू पलटणीत. त्याने दोन ओळी जास्त लिहिल्या की ते म्हणायचे, 'बाई, पत्र लांब आहे, भोपळा मोठा आण.' लेक खुशाल आहे एवढं ऐकायला मी दोन कोस ओझं वाहायची. यंदा गावची सगळी पत्रं शाळेतल्या पोरांनी वाचली, उत्तरंही त्यांनीच लिहिली. म्हणून हे भोपळे घरात राहिले. आता सांगा, सरकार, हे वजन वेलाचं की विद्येचं?"

राजा मनातून डगमगला, पण हट्ट सुटेना. "हे सगळं तू म्हणतेस. साक्षीदार कोण?"

"आहेत ना! तुमच्याशेजारीच बसलेत."

सगळ्यांच्या माना नरहरपंतांकडे वळल्या. पंतांचं हसू आटलं.

"पंत," राजा म्हणाला, "दरवर्षी तुमच्या माळ्यावर भोपळ्यांची रास असते. यंदा किती आहेत?"

"यंदा... एकही नाही, सरकार."

"का बरं?"

"कुठून येणार, सरकार!" पंतांचा इतक्या महिन्यांचा राग एकदम बाहेर पडला. "ती पोरं झालीत ना पंडित! एवढीएवढीशी कार्टी, पण पत्रं धडाधडा वाचतात, उत्तरं लिहितात, पत्तासुद्धा चुकत नाहीत! मग माझ्याकडे कोण ये..."

पंतांनी जीभ चावली. पण उशीर झाला होता!

राजा आधी गालात हसला, मग पोट धरून हसला. हसता हसता पगडी घसरली आणि तिच्यावरची काडी पंतांच्या मांडीवर पडली.

"पंत, शाळेची इतकी चांगली खबर मास्तरांनासुद्धा लिहिता आली नाही! शाळा राहिली. गवत भरा तुमच्या माळ्यावर, यंदा रिकामाच आहे! आणि आज साऱ्या शाळेला घारगे. गूळ, तूप माझ्या कोठारातलं. भोपळे पंत किसतील!"

मग राजा हौसाबाईकडे वळला. "तुला काय हवं? माग!"

हौसाबाईने पदराला बांधलेलं पत्र चाचपलं.

"एक पाटी द्या, सरकार. पोरं वाचून दाखवतात, गुणाची आहेत. पण सदूला एक पत्र माझ्या हातचं धाडायचंय."

राजाने पाटी दिली, पेन्सिलींची पेटी दिली, वर एक लुगडंही दिलं.

पुढच्या दसऱ्याला शाळेची खबर दरबारात आली, तेव्हा राजाने ती स्वतःच वाचायला घेतली. पहिली ओळ मास्तरांच्या हातची नव्हती. अक्षर वेडंवाकडं, डोंगर चढल्यासारखं वर वर गेलेलं.

"हौसाबाई पहिली पास. भोपळा एकही नाही."

राजा इतका हसला की माळ्यावर गवत भरणाऱ्या पंतांनाही ते ऐकू गेलं!